कार्ड न्यायला सॅलच हवा

हॅलो?

…हॅलो, कोण? जरा थांबा हं, हाताला पीठ आहे, रिसीव्हर निसटतोय…

हं, बोला. …अगं ल्यूसिल! तू होय. मला वाटलं पुन्हा तो कार्डवाला डॅरिल. सकाळपासून त्याचे फोन चाललेत. …नाही, एमिलच उचलतो आणि लगेच ठेवून देतो. हॅलोसुद्धा म्हणत नाही.

काही नाही गं, पिरोगी लाटून सारण भरतेय. उद्या शुक्रवार ना. चर्चच्या तळघरात विकायला माझ्याकडून बटाट्याच्या हव्यात म्हणे. …हो, नेहमीच्याच. तू सांग. सॅल कसा आहे?

…हं. …हं. अजून खुर्चीतच? …आणि ती व्यायाम घ्यायला येणारी मुलगी? …आली, मग? …उठलाच नाही? अगं, पण ती तर म्हणाली होती ना, पायात ताकद आलीय म्हणून? …तेच तर. चालता येतं पण चालत नाही. …टीव्ही लावतो आणि आवाज बंद करतो. …हो गं. समजतंय मला.

आणि बोलणं? …अजून तुला बटाटाच म्हणतो?

…नाही, हसत नाहीये मी. …खरंच नाही. पीठ उडालं नाकात. …अगं, डॉक्टर म्हणालेच होते की, असा झटका आला की शब्द इकडचे तिकडे होतात. मनात ल्यूसिल असते, तोंडातून बटाटा येतो. …मी काय म्हणते, काहीतरी म्हणतो तरी! एमिलने लग्न झाल्यापासून मला 'ए' च्या पुढे काही म्हटलेलं नाही. बटाटा म्हणजे बढतीच झाली असती माझी.

…हं. …हं. …आलं लक्षात. कार्डाचंच ना?

…अगं ऐक ना… ल्यूसिल… ल्यूसिल, ऐक. मी आठवडाभर त्याच्या कानीकपाळी ओरडतेय. …सांगितलं. सरळ सांगितलं. म्हटलं, एमिल, बेसबॉलचा हंगाम संपला. तुझं पिट्सबर्ग हरलं, सॅलचं क्लीव्हलंड जिंकलं… बरं बरं, जिंकलं नाही, तुमचंही काही धड नव्हतं. पण आमच्यापेक्षा कमी हरलं ना? मग झालं. ज्याचा संघ वर राहील त्याच्याकडे कार्ड, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. अर्ध्या चड्डीत होतात तेव्हापासूनचा नियम आहे तुमचा. दे म्हटलं.

…म्हणाला, "नाही देणार."

…एवढंच. आणि मग टोस्ट खाल्ला.

…कोण, विन्स? तुमचा विन्स? …कोलंबसहून फोन करून? …काय म्हणाला? …चोर?

…एमिलला?

…ज्याने त्याला सायकल शिकवली त्या एमिलला? …नाही, रागावले नाही. विचारतेय फक्त. …वडिलांची बाजू घेतोय, घेऊ दे. मुलाने घ्यावीच. पण त्याला सांग, तुझ्या बापाने आणि एमिलने बबलगमचा तो पुडा दोघांत मिळून घेतला, तेव्हा तुझ्या आईबापाची ओळखसुद्धा नव्हती. गम निम्मा निम्मा खाल्ला. आतून निघालेलं खेळाडूचं कार्ड काही निम्मं करता येईना, म्हणून हा नियम. …हो. विली टॉमचॅकचं पहिल्याच वर्षाचं कार्ड. तेव्हा त्याला कोण ओळखत होतं? बाकावर बसून असायचा नुसता. पुढे एवढा मोठा खेळाडू झाला त्यात आपला काय दोष?

…किंमत? …हो, मला पण सांगितली डॅरिलने. …नव्या कोऱ्या ट्रकची. …अगं, लोक वेडे झालेत. साथीत घरात बसून बसून कुणी पाव भाजायला लागलं, बाकीचे माळ्यावर चढले. चढले ते कार्डं घेऊनच उतरले. आता त्यांना वाटतं, प्रत्येक खोक्यात ट्रक आहे. परवा त्या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन बाप्ये एकमेकांच्या उरावर बसले होते. लहान मुलांच्या कार्डांच्या पुड्यांवरून! …मी अंडी आणायला गेले होते. …छे गं, सोडवते कशाला? थांबले जरा. बघावं लागतं.

…हो, तोच डॅरिल. बोर्डमनला दुकान आहे त्याचं. गेल्या आठवड्यात घरी आला होता, पांढरे हातमोजे घालून. मला वाटलं रक्त काढायला आला. …मी आपली सहज म्हणाले, माझा भाऊ कार्डं सायकलच्या चाकात अडकवायचा, फटफट आवाज यावा म्हणून. फाटून चिंध्या व्हायच्या. कुठली कुठली, असं विचारलं त्याने. मी आठवतील ती नावं सांगितली. तर त्याने बसायला खुर्ची मागितली. पाणी दिलं मी.

…नाही ना! एमिलने त्याला कार्ड दाखवलंच नाही. म्हणाला, आत्ता ते माझं नाहीये. …हो, अस्संच म्हणाला. "आत्ता माझं नाहीये." मला वाटलं, टाळतोय त्याला.

…हं? …काय करायचंय विन्सला? …पारदर्शक डबीत? …कायमचं बंद? …आणि वर गुण? …दहापैकी? …कोण देणार गुण? …अगं, मागे बबलगमचा डाग आहे ना त्याच्या! …डागाचे गुण कापतात?

…त्या डागावरून तर दोघे ओळखतात ते कार्ड.

…बरं, विन्सचं राहू दे. तुझं सांग. तुला विकायचंय का? …नाही ना. …मग? …हं. …हं. …अगं, रडू नकोस. …ल्यूसिल… हो, हो… नुसतं त्याच्या हातात द्यायचंय. …त्याच्या हातात ते आलं तर कदाचित खुलेल, असं वाटतंय तुला. …मला पण वाटतं. खरं सांगू का, मला लाज वाटते या माणसाची. एवढा जन्मभराचा मित्र खुर्चीत बसलाय चार घरं पलीकडे, आणि हा कागदाच्या तुकड्यावर नागोबासारखा बसलाय. रविवारी चर्चमध्ये मी तुझ्याकडे बघितलं नाही ना, ते म्हणूनच. तुला वाटलं असेल चिडलेय. …वाटलंच होतं ना? …वेडी.

…नियम? नियम तू मला सांगतेस? दरवर्षी माझ्या नाहीतर तुझ्या व्हरांड्यात तमाशा होतो तो. जिंकलेल्याने हरलेल्याच्या दारी यायचं. स्वतः. स्वतःच्या पायांनी. कठड्यावर ठोकायचं आणि म्हणायचं, "काढ बाहेर." हरलेल्याने दारातच उभं राहायचं. पुढे यायचं नाही, पोचवायचं नाही, बायकांच्या हाती तर पाठवायचंच नाही. …हो, आणि ते बर्फ उडवायच्या यंत्रावरून दोघांचं फाटलं होतं तेव्हा? वर्षभर अबोला! तरी आला ना सॅल? ठोकलं, काढ बाहेर म्हणाला, घेतलं, गेला. पुन्हा अबोला. …आणि आमचा हर्नियाच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलमधून घरी यायच्या आधी तुमच्याकडे गेला होता. मी गाडीत बसून. टाके ओले. …हो ना, कोबी दिलास तू आम्हाला बरोबर. आठवतंय.

पण आता सॅलची गोष्ट वेगळी आहे, हे मीही म्हणतेच ना गं. म्हणाले त्याला, मी नेऊन देते. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चर्चला आग लावू का विचारलं.

…चोरून? …मी?

…अगं, माझा प्रयत्न झालाय करून. …हो! साखरेच्या डब्यात बघितलं. बायबल झटकलं. फ्रीझरमध्ये पिरोगीच्या पिशव्यांखाली बघितलं. तळघरात त्याच्या खिळ्यांच्या बरण्या… त्याची जुनी गिरणीतली टोपीसुद्धा उलटी केली. नाही कुठे. जिथे जावं तिथे हा मागे येऊन उभा. "काय शोधतेस?" म्हटलं, कात्री.

…आता? दारापाशी उभा आहे. …अगं, रोजच. आठवडा झाला, जेवलं की जाऊन पुढच्या दाराशी उभा. मला वाटतं विन्सच्या भीतीने. …आणि तोच शर्ट! तो हिरवा चौकड्यांचा. धुवायला टाकत नाही. काल ओढायला गेले तर खिशावर हात ठेवून मागे…

…थांब.

…थांब थांब. खिशावर हात ठेवून मागे सरकला, ल्यूसिल.

…अगं, ट्रक खिशात घालून फिरतोय हा माणूस! आणि मी इकडे गोठलेले वाटाणे उपसतेय!

…थांब, आत्ता विचारते. फोन ठेवू नकोस. …एमिल! ए एमिल! …ल्यूसिलचा फोन आहे. …ल्यूसिल म्हणतेय, सॅलला नुसतं हातात धरू दे. …हो, मी घेऊन जाते. इथून तिथे. तासाभरात परत आणते… हं? …काय म्हणालास? …पुन्हा म्हण. …नाही, हे मी तिला सांगणार नाही.

…हॅलो, ल्यूसिल? …नाही, काही नाही म्हणाला. …अगं, नको ना. …नको म्हटलं ना. …बरं. तूच आग्रह करतेयस म्हणून सांगते. म्हणतो, "सॅलला विचार, पाय गळून पडलेत का त्याचे?"

…ल्यूसिल?

…हॅलो?

…काय? …स्पीकरवर? …कधीपासून? …अगं बाई. पहिल्यापासून? …बटाट्याचंपण ऐकलं त्याने?

…अगं, मग आधी सांगायचं नाही का! …काय आवाज येतोय तो? काय पडलं? …काठी? …ल्यूसिल, काय चाललंय? …काय शोधतोय? …बूट?

…कुठले बूट? …अगं, कुठले का असेनात, घालू दे! …डावा उजव्यात? …मग सांग त्याला. …ऐकत नाही. बरं. जाऊ दे, चार घरांचा प्रश्न आहे. …अगं, तू धर त्याला! …काठी उगारली? तुझ्यावर? …मग धरू नकोस. मागून चाल. फोन घे हातात, मोबाइल आहे ना तुझा, घे आणि चाल मागून. …राहू दे सपाता. सपातांवर ये.

…एमिल! बघ काय केलंस! निघालाय तो! …सॅल! सॅल निघालाय घरातून, दुसरं कोण! अर्धं अंग गेलेला माणूस रस्त्यावर आणलास तू. पडला तर? …पडला तर काय करशील, सांग? …काय? …मोठ्याने बोल, माझी वायर तिथवर पुरत नाही. …

…

…हॅलो. …हो, आहे मी. …ल्यूसिल, सॅल तुझ्यापासून किती पुढे आहे? …त्याला ऐकू नाही ना जाणार आता? …बरं, ऐक. एमिल काय म्हणतोय सांगते. तू चालत राहा.

म्हणतो, कार्ड बायकांच्या हाती पाठवलं, नाहीतर विन्सच्या हाती दिलं, तर सॅल आता पुन्हा कधी येणार नाही असं मीच कबूल केल्यासारखं होईल. म्हणतो, माझ्याकडून ते होणार नाही. …हो. असंच. …म्हणतो, दारात आला तर विलीच काय, माझा शर्टही काढून देतो. पण आला पाहिजे.

…हो ना. …आठवडाभर दाराशी. …विन्सच्या भीतीने नव्हे गं. सॅलची वाट बघत.

…मला काय माहीत! मला कधी काही सांगतो का हा? "नाही देणार" म्हणतो आणि टोस्ट खातो. मी त्याला आठवडाभर काय काय बोललेय, ल्यूसिल. कंजूष म्हणाले. कालच म्हणाले. …तू नुसता विचार केलास, मी तर तोंडाने म्हणाले.

…कुठवर आलात? …थांब, दिव्यापाशी जाऊन बघते, तिथवर वायर येते… हां. दिसला. कोवाल्स्कींच्या टपालपेटीपाशी. …टेकलाय. …टेकू दे. दम घेऊ दे. …मला दिसतेयस तू, हात नको हलवूस, तो मागे वळून बघेल. …अगं, पण तुझ्या अंगात एप्रन आहे नुसता, गार वारं सुटलंय. …बरं, बरं.

…निघाला. …डावा पाय जरा ओढतोय, पण टाकतोय की! …ती व्यायामवाली मुलगी बघायला हवी होती आत्ता. …नाही, तिला नको. तिने शिट्टी मारून थांबवलं असतं.

…इकडे? इकडे एमिलने स्वयंपाकघरातली खुर्ची उचललीय. व्हरांड्यात ठेवली, सॅलला बसायला. …आत आणली. …म्हणतो, खुर्ची दिसली तर अपमान वाटेल त्याला. …पुन्हा बाहेर नेली. …ल्यूसिल, आता ती दारात अडकलीय. …नाही, मी मदत करणार नाही. माझ्या हाताला पीठ आहे.

…आला! आमच्या गवतावर आला! …अगं… अगं ल्यूसिल, पायऱ्या! आमच्याकडे पायऱ्या आहेत ना! …हो ना, चढायचं नाही म्हणून सांगितलंय ना त्या व्यायामवालीने? कठडा वर आहे, ठोकणार कुठून तो? …तूपण आता लांबच थांब. …माहितीय. …उभा आहे खाली. वर बघतोय. पाय उचलत नाहीये. …मला बघवत नाही गं. …नाही, बघतेय.

…हे काय? एमिल!

…एमिल खाली निघाला, ल्यूसिल. …पायऱ्या उतरतोय. खिशातून कार्ड काढलंय हातात. …अगं, दारातून हलायचं नसतं ना हरलेल्याने! कधी हलला नाही हा. टाके ओले होते तेव्हा, अबोला होता तेव्हा, कधीच नाही. …शेवटच्या पायरीवर आलाय. हात पुढे केलाय. …घेत नाहीये? …सॅल घेत नाहीये?

…

…ऐकलंस?

…ल्यूसिल, ऐकलंस तू? …"वर जा" म्हणाला! …स्वच्छ! मला काचेतून ऐकू आलं! "वर जा, मूर्खा!" दोन्ही शब्द जागच्या जागी! …तिन्ही, तिन्ही! …तू रडतेयस का हसतेयस? …मी पण. …नाही, डोळे पुसता येत नाहीत मला, पीठ जाईल.

…एमिल चाललाय वर. …मुकाट्याने. उलटा, तोंड सॅलकडे करून, एकेक पायरी. …जाऊन उभा राहिला दारात. खुर्चीच्या पलीकडे. …आणि सॅलने… सॅलने पाय ठेवला पहिलीवर. …पायऱ्यांचा दांडा धरलाय. …दुसरा पाय आणला. …तू ये आता मागे, पण हात लावू नकोस. …हो. अशी. तिथेच थांब.

…आलं त्याचं डोकं वरती. …एमिलला चिक्कार शिव्या देतोय गं. शब्द काही कळत नाहीत, पण शिव्याच आहेत. …एमिल? एमिल मान डोलावतोय नुसती. "हो, बरोबर आहे," म्हणतोय.

…ल्यूसिल, मी ठेवते. …अगं, ठेवलाच पाहिजे, वायर तिथवर जात नाही, आणि ती खुर्ची दारातून मलाच काढावी लागणार आहे. …तू ये वर. मागच्या दाराने नको. पुढूनच ये, सगळ्यांबरोबर. …हो, चौघांची पानं मांडते. …पिरोगीच. दुसरं काय? …चर्चला उद्या कमी पडल्या तर पडल्या…

ठेवते गं. ठोकतोय तो.